रिकामा मनोरा आणि जुना पत्ता

वसईच्या किल्ल्यांत सेंट जोसेफच्या मुख्य ख्रिस्तमंदिराचा मनोरा अद्याप उभा आहे. मंदिराचें छत केव्हांच गेलें, भिंती उघड्या पडल्या; परंतु मनोरा आपल्या जागीं आहे. घंटा मात्र तेथें नाहीं. १६ मे १७३९ रोजीं वसई चिमाजी आप्पांच्या स्वाधीन झाली आणि वसई प्रांतांतील ख्रिस्तमंदिरांच्या कित्येक घंटा मराठ्यांनीं विजयचिन्हें म्हणून घाटावर नेल्या. वाईजवळ मेणवलीस, कृष्णेच्या कांठच्या एका लहानशा देवळांत अशी एक घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७०७ हें साल कोरलेलें आहे. नाशिकास गोदावरीच्या तीरावर नारोशंकराच्या देवळाला दुसरी आहे. तिच्यावरील साल १७२१.

या घंटा नाहींशा झाल्या असें कोणास म्हणतां येणार नाहीं. त्या शाबूत आहेत, वाजतात, आणि त्यांच्यावरील अक्षरें वाचणारास त्यांचें मूळहि कळतें. परंतु वसईच्या मनोऱ्याखालीं उभें राहून वर पाहणारास, येथील घंटा कोठें गेली, याचें उत्तर त्या दगडांत मिळत नाहीं. वस्तूला आपली जुनी जागा ठाऊक आहे. जागेला आपली वस्तु कोठें गेली तें ठाऊक नाहीं. वस्तु हलविणें ही एक क्रिया आणि तिच्या जुन्या जागीं नव्या जागेचा निर्देश ठेवणें ही दुसरी. पहिली क्रिया बळानें होते; दुसरीस दुसऱ्याचा विचार करावा लागतो. म्हणूनच इतिहासांत पहिली वारंवार आढळते आणि दुसरी क्वचित्.

घंटेच्या बाबतींत हें फारसें बोंचत नाहीं. कारण घंटेला शोधीत रोज कोणी येत नाहीं. परंतु जी वस्तु लोक जुन्या पत्त्यावर पुनःपुन्हां शोधावयास येतात तिचें काय? दप्तरें, वह्या, नकाशे, आणि आजच्या काळांत संगणकाच्या डिस्कवर सांठविलेल्या प्रतिमा, या सर्व वस्तु त्या जातीच्या आहेत. जागा अपुरी पडली म्हणून डिस्क-प्रतिमा एका ड्राइव्हवरून दुसऱ्या ड्राइव्हवर न्यावयाच्या, आणि जुन्या जागीं जुन्याच नांवाची एक लिंक ठेवून द्यावयाची, ही युक्ति आज कचेऱ्याकचेऱ्यांतून वापरली जाते. ती कांहीं दशकांपूर्वींची खरी. परंतु तिची गरज कशी उत्पन्न होते हें समजून घ्यावयाचें तर वसईच्या कागदपत्रांच्या प्रवासाइतकें चांगलें उदाहरण दुसरें सांपडणें कठीण.

२३ डिसेंबर १५३४ च्या तहानें गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें वसई आणि तिच्या आसपासचा मुलूख पोर्तुगीजांस दिला. त्यानंतर दोन शतकें वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती. राज्य म्हटलें कीं वसूल आला, आणि वसूल म्हटला कीं वही आली. पोर्तुगीजांचा खजिन्यावरील अधिकारी सिमांव बोतेल्यु यानें १५५४ सालीं हिंदुस्थानांतील पोर्तुगीज मुलखाची जी वसुली नोंदवही तयार केली, तींत वसईच्या प्रांताच्या उत्पन्नाची नोंद आहे. ती वही छापून प्रसिद्ध झाली ती १८६८ सालीं, आणि ती लिस्बनमध्यें. म्हणजे वसईच्या शेतांचा आणि खाजणांचा हिशेब वसईच्या लोकांस छापील स्वरूपांत पाहावयाचा झाला तर तो तीनशें चौदा वर्षांनीं, आणि तोहि समुद्रापलीकडे!

राजा लिस्बनला, त्याचा प्रतिनिधि गोव्यास, आणि त्या प्रतिनिधीचा अधिकारी वसईस, असा हा कारभार होता. लिस्बनहून गलबतें निघत तीं मोसमी वाऱ्यांच्या धोरणानें, आणि परत जात तींहि त्याच धोरणानें. त्यामुळें राजाचीं पत्रें आणि त्यांचीं उत्तरें मोसमामोसमानें जमत आणि तशींच बांधलीं जात. त्या बाडांस ‘मोसमांच्या वह्या’ असेंच नांव पडलें. गलबत बुडण्याचें भय नेहमींचें असल्यानें एकाच पत्राच्या दोन-तीन नकला वेगवेगळ्या गलबतांवरून पाठवीत, आणि प्रत्येक नकलेवर ती पहिल्या वाटेची, दुसऱ्या वाटेची कीं तिसऱ्या वाटेची, तें लिहीत. आज जो सावध मनुष्य आपल्या संग्रहाची एक प्रत घरांत आणि दुसरी अन्यत्र ठेवितो, तो या जुन्या दर्यावर्दी कारकुनांचाच अनुयायी होय.

या कागदांची व्यवस्था लावण्यासाठीं १५९५ सालीं गोव्यास एक दप्तरखाना स्थापन झाला आणि त्याचा रक्षक म्हणून दियोगु दु कौतु या इतिहासकाराची नेमणूक झाली. १६१६ सालीं गोव्यासच त्याचा अंत झाला. या दप्तरखान्याचें नांव लिस्बनच्या सरकारी दप्तरखान्यावरूनच ठेवलें होतें: ‘तोर्रि दु तोंबु’, म्हणजे नोंदवहीचा बुरूज. या नांवाची हकीकत मोठी बोधप्रद आहे.

लिस्बनच्या सांव जोर्ज किल्ल्यांतील एका बुरुजांत चौदाव्या शतकापासून राजाचें दप्तर ठेवीत, म्हणून दप्तरालाच लोक बुरूज म्हणूं लागले. १ नोव्हेंबर १७५५ रोजीं लिस्बनला प्रचंड भूकंप झाला आणि तो बुरूज ढांसळला. त्या वेळीं दप्तराचा रक्षक मानुएल द माइया हा ऐंशीच्या घरांत आलेला वृद्ध गृहस्थ होता. त्यानें ढिगाऱ्यांतून कागद काढविले, लांकडी खोपटांत रचविले, आणि १७५७ सालीं तें सारें दप्तर सांव बेंतु येथील मठाच्या इमारतींत गेलें. तेथें तें दोनशें वर्षांहून अधिक काळ राहिलें, आणि १९९० सालीं विद्यापीठाजवळील नव्या इमारतींत आलें. बुरूज पडून आतां पावणेतीनशें वर्षें होत आलीं. दप्तर दोनदां हललें. तरी त्याचें नांव अजून ‘नोंदवहीचा बुरूज’ हेंच आहे. १७०० सालीं लिहिलेल्या पत्रांत ‘बुरुजांतील अमुक वही’ असा उल्लेख असला तर तो वाचणारास आजहि कोठें जावयाचें हें कळतें. दगडाचा बुरूज गेला, नांवाचा बुरूज राहिला, आणि त्या नांवानेंच नव्या जागेची वाट दाखविली.

गोव्याच्या दप्तरखान्याचें नशीब इतकें बलवत्तर नव्हतें. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत लिस्बनच्या आज्ञेवरून मोसमांच्या वह्यांपैकीं सतराव्या शतकांतील बासष्ट खंड गोव्याहून लिस्बनला नेण्यांत आले. ‘हिंदुस्थानांतून पाठविलेले कागद’ अशा अर्थाच्या मथळ्याखालीं ते १८८० पासून बुल्यांव पातु याच्या संपादनाखालीं छापूं लागले. खंड सुरक्षित राहिले, ही गोष्ट आनंदाचीच. परंतु त्यामुळें एका अखंड मालिकेचे दोन तुकडे झाले: एक तुकडा तेजु नदीच्या कांठीं, दुसरा मांडवीच्या कांठीं. सतराव्या शतकांतील वसईचा एखादा तंटा घेऊन अभ्यासक गोव्यास आला, तर त्याला फळीवर मध्येंच खिंडार दिसावयाचें. खिंडार पाहून मनुष्याच्या मनांत पहिला विचार येतो तो ‘कागद नष्ट झाले’ हा. ‘कागद दुसरीकडे गेले’ हा विचार, कोणी सांगितल्यावांचून, येत नाहीं.

तो सांगणारा पुढें निघाला. पांडुरंग सखाराम पिसुर्लेकर हे १९३० पासून १९६१ पर्यंत गोव्याच्या दप्तरखान्याचे प्रमुख होते. मराठ्यांच्या आणि पोर्तुगीजांच्या संबंधांवर त्यांनीं केलेलें काम इतिहासाच्या अभ्यासकांस सुपरिचित आहे. परंतु त्यांचा एक ग्रंथ असा आहे कीं, तो सलग वाचावयास कोणी घेत नाहीं आणि त्याच्यावांचून कोणाचें चालतहि नाहीं. १९५५ सालीं प्रसिद्ध झालेला तो ग्रंथ म्हणजे पोर्तुगीज हिंदुस्थानांतील दप्तरखान्यांची मार्गदर्शिका. तिच्या नांवांत त्यांनीं ‘रोतेइरु’ हा शब्द योजिला आहे. जुन्या काळीं तांडेल ज्या वहीवरून खडक, वारे आणि बंदरें ओळखीत गलबत हांकीत, तिला हा शब्द लावीत. पिसुर्लेकरांनीं कागद परत आणिले नाहींत. कागद कोणत्या फडताळांत आहेत हें दाखविणारा एक भरंवशाचा निर्देश त्यांनीं तयार केला. दप्तराच्या जगांत या निर्देशाची किंमत कागदाहून फारशी कमी नसते.

मराठी बाजूची हकीकत याहून निराळी नाहीं. वसईच्या मोहिमेंत चिमाजी आप्पांच्या छावणींतून जीं पत्रें पुण्यास गेलीं, तीं पेशव्यांच्या दप्तरांत जमा झालीं. १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावर हें दप्तर इंग्रजांच्या हातीं आलें. इनामांच्या चौकशीच्या कामीं त्याचा त्यांस उपयोग होता, म्हणून तें राहिलें. कापडाच्या रुमालांत बांधलेले कागद, रुमालास क्रमांक आणि क्रमांकाची यादी, एवढीच त्या अफाट संग्रहाची किल्ली. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं त्यांतून निवडक कागदांचे पंचेचाळीस भाग १९३० पासून पुढील चार वर्षांत प्रसिद्ध केले. त्यांतील सोळावा भाग वसईच्या मोहिमेचा आहे. ज्या वाचकानें मूळ रुमाल कधीं डोळ्यांनीं पाहिला नाहीं, त्याच्यासाठीं हा सोळावा भाग म्हणजेच वसईच्या वेढ्याचें दार झाला.

नाना फडणिसांच्या मेणवलीच्या दप्तरानें तर आणखी मुक्काम केले. मेणवलीचे कागद दत्तात्रय बळवंत पारसनीस यांच्या हातीं आले आणि साताऱ्यास गेले. तेथें पारसनिसांच्या संग्रहाचें ऐतिहासिक संग्रहालय झालें. आणि १९३९ सालीं तें संग्रहालय पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आलें. म्हणून जुन्या पुस्तकांच्या तळटीपांतून एकाच दप्तराचा उल्लेख कोठें मेणवलीचा, कोठें साताऱ्याचा, तर कोठें डेक्कन कॉलेजचा म्हणून आढळतो. ज्यास हा प्रवास ठाऊक नाहीं तो एकाच कागदाचे तीन कागद समजेल, किंवा साताऱ्यास जाऊन हात हालवीत परत येईल.

जागेप्रमाणें नांवहि हलतें. पोर्तुगीज कागदांत जें बासाईं, तेंच इंग्रजी कागदांत बेसीन, आणि लोकांच्या तोंडीं वसई. १८८२ सालीं मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्यें वसईची सविस्तर माहिती छापली ती ठाणें जिल्ह्याच्या खंडांत, आणि तीहि बेसीन या नांवाखालीं. वसई-विरार महानगरपालिका स्थापन झाली २००९ सालीं, आणि १ ऑगस्ट २०१४ रोजीं ठाण्यापासून निराळा होऊन पालघर जिल्हा अस्तित्वांत आला. वसईच्या जमिनीचा विसाव्या शतकांतील एखादा कागद शोधणारानें पालघर हें नांव धरून शोध चालविला तर त्याच्या हातीं कांहीं लागणार नाहीं. कारण तो कागद लिहिला गेला तेव्हां वसई ठाणें जिल्ह्यांत होती. यादींत ‘बेसीन’ या शब्दापुढें ‘वसई पाहा’ एवढे दोन शब्द लिहिणारा कारकून किती लोकांच्या किती फेऱ्या वांचवितो, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं.

या ‘वसई पाहा’ मधूनच संगणकाच्या लिंकेकडे जाण्याचा रस्ता आहे. १९५६ सालीं अमेरिकेंतील आय.बी.एम. या कंपनीनें फिरत्या चकत्यांवर माहिती सांठविणारें पहिलें व्यापारी यंत्र विक्रीस काढलें. चोवीस इंच व्यासाच्या पन्नास चकत्या, एक टनाहून अधिक वजन, आणि सांठवण फक्त पन्नास लाख अक्षरांची. सांठवण मोठी झाली तशी व्यवस्थेची गरज पडली. १९६५ सालीं डेली आणि न्यूमन या दोघा अमेरिकनांनीं मल्टिक्स नांवाच्या नियोजित पद्धतीसाठीं फाइलींच्या मांडणीची जी योजना मांडली, तींत कपाटांत कप्पे आणि कप्प्यांत पोटकप्पे अशी वृक्षासारखी रचना होती. आणि एका कप्प्यांत वस्तु न ठेवतां ती ज्या दुसऱ्या कप्प्यांत आहे त्याचा निर्देश ठेवण्याची सोयहि होती. कोशांतील ‘पाहा’ हा शब्द असा यंत्रांत आला.

पुढें यूनिक्स पद्धति आली. तिच्यांत प्रारंभीं एकाच फाइलीस दोन नांवें देतां येत. परंतु दोन्ही नांवें एकाच सांठवणीच्या भागांत असावीं लागत. एका ड्राइव्हवरील नांवानें दुसऱ्या ड्राइव्हवरील वस्तु दाखविणें त्या रीतीनें शक्य नव्हतें. हें बंधन तोडणारी निर्देशात्मक लिंक कॅलिफोर्नियांतील बर्कले विद्यापीठाच्या यूनिक्सच्या १९८३ च्या आवृत्तींत सर्वांच्या हातीं आली. तिच्या पोटांत माहिती नसते. फक्त एक पत्ता असतो. एखाद्या आज्ञावलीनें तें नांव उच्चारलें कीं संगणक तो पत्ता वाचतो आणि तिला तिकडे नेऊन पोंचवितो. आपण दुसरीकडे आलों आहोंत याची आज्ञावलीला दादहि नसते. विंडोज पद्धतींत फोल्डरांपुरती अशीच सोय २००० च्या आवृत्तींत आली, आणि फाइल व फोल्डर दोहोंस लागू होणारी लिंक २००७ सालीं बाजारांत आलेल्या व्हिस्टा आवृत्तींत आली.

आतां डिस्क-प्रतिमा म्हणजे काय तें पाहूं. एखाद्या डिस्कचें सारें अंतरंग, तिचे कप्पे, फाइली, अगदीं रिकाम्या जागासुद्धां, जशींच्या तशीं उतरवून एकाच मोठ्या फाइलींत सांठविलीं म्हणजे ती त्या डिस्कची प्रतिमा झाली. घराचा नकाशा नव्हे. सामानसुमानासह सारें घरच एका पेटींत बसविल्यासारखी ही गोष्ट आहे. एका यंत्रांत अनेक काल्पनिक यंत्रें चालविण्याची कला १९६० नंतरच्या दशकांत आय.बी.एम.च्या प्रयोगशाळेंत सिद्ध झाली. त्या प्रत्येक काल्पनिक यंत्रास आपली अशी एक डिस्क लागते, आणि आज ती डिस्क म्हणजे बहुधा अशी एक प्रतिमाच असते.

समजा, विरारमधील एका लहानशा कचेरींत असा संगणक आहे. त्याच्या पोटांत दोन काल्पनिक संगणक चालतात: एकावर वीस वर्षांपूर्वींची हिशेबाची पद्धति, कारण जुन्या वह्या तिच्याशिवाय उघडत नाहींत, दुसऱ्यावर नवी. दोघांच्या प्रतिमा वाढत वाढत मूळ ड्राइव्ह भरून गेला. नवा, मोठा ड्राइव्ह आणिला. प्रतिमा तिकडे नेल्या पाहिजेत. परंतु त्या प्रतिमांचा पत्ता कोणाकोणाजवळ आहे? यंत्रें चालविणाऱ्या आज्ञावलीजवळ आहे. रात्रीं नक्कल घेणाऱ्या आज्ञावलीजवळ आहे. आणि पूर्वीं कामावर असलेल्या, आतां नसलेल्या, कोणा गृहस्थानें लिहून ठेविलेल्या सूचनांतहि आहे. या सर्वांस नवा पत्ता कळविणें म्हणजे गांवांतील प्रत्येक घरीं जाऊन सांगण्यासारखें आहे. एखादें घर राहून जावयाचेंच. त्यापेक्षां जुन्या दारावरच पाटी लावणें शहाणपणाचें.

ही गोष्ट क्रमानें करावी लागते. प्रथम काल्पनिक यंत्रें पुरतीं बंद करावीं. कारण जी वही कारकून अजून लिहीत आहे तिची नक्कल केली तर ती अर्धी कालची आणि अर्धी आजची होते. मग प्रतिमांचें फोल्डर नव्या ड्राइव्हवर उतरवावें, आणि तें उतरवितांना कोणी काय वाचावें व कोणी काय लिहावें याविषयींचे हक्कहि बरोबर न्यावे. ते राहिले तर दार असून कुलूप लागल्यासारखें होतें. कित्येक प्रतिमा आंतून पोकळ असतात, म्हणजे त्यांचा आंकडा मोठा दिसला तरी प्रत्यक्ष जागा थोडीच व्यापलेली असते. निष्काळजीपणें नक्कल केली तर ती पोकळी भरली जाते आणि नवा ड्राइव्हहि अपुरा पडतो. नक्कल झाल्यावर मूळ आणि नक्कल ताडून पाहावी. नंतर जुनें फोल्डर पुसून न टाकतां त्याचें फक्त नांव बदलावें, आणि मोकळ्या झालेल्या जुन्या नांवानें नव्या जागेकडे नेणारी लिंक करावी. यंत्रें सुरू करावीं. कांहीं दिवस सारें सुरळीत चाललें म्हणजे मग जुनें फोल्डर पुसावें. पुसण्याची घाई करणें ही या कामांतील सर्वांत मोठी चूक होय.

जुना पत्ता राखण्याचें आणखी एक गंभीर कारण आहे. कित्येकदां एक मूळ प्रतिमा असते आणि तिच्यावर आधारलेली दुसरी असते. दुसरींत फक्त पुढें झालेले फेरफार असतात. बाकीच्या सर्व गोष्टींसाठीं ती मूळ प्रतिमेकडे पाहते, आणि मूळ प्रतिमेचा पत्ता तिच्या पोटांत लिहिलेला असतो. मूळ प्रतिमा निर्देश न ठेवतां हलविली तर ही दुसरी, तिला कोणी स्पर्शहि केलेला नसतांना, निकामी होते. इतिहासाच्या ग्रंथांत हेंच घडतें. ग्रंथकार आपल्या पानावर निष्कर्ष लिहितो आणि आधार म्हणून खालीं दप्तराचें नांव व वहीचा क्रमांक देतो. वही हलली, क्रमांक बदलला, आणि जुन्या क्रमांकाची यादी राहिली नाहीं, तर ग्रंथ जागेवर असूनहि त्याखालची भूमि निघून जाते. वाचकास मग ग्रंथकाराच्या शब्दावर विश्वास तरी ठेवावा लागतो, नाहीं तर अविश्वास तरी. पडताळा घेणें राहात नाहीं.

परंतु लिंक म्हणजे वस्तु नव्हे, हेंहि तितक्याच स्पष्टपणें सांगितलें पाहिजे. नवा ड्राइव्ह जोडलेला नसेल तर लिंक शून्याकडे बोट दाखविते. कधीं कधीं त्याहून वाईट प्रकार होतो: ड्राइव्ह जेथें जोडावयाचा तें रिकामें फोल्डर मात्र दिसत असतें, आणि आज्ञावली त्या रिकाम्या जागेंतच नव्यानें लिहूं लागते, पुढें ड्राइव्ह जोडल्यावर तें लिहिलेलें त्याच्याखालीं झांकलें जातें. आणि सर्वांत फसवा प्रकार नकलेचा. रात्रीं नक्कल घेणारी आज्ञावली लिंकेची फक्त लिंक म्हणूनच नक्कल करीत असेल, तर तिच्या संग्रहांत वर्षानुवर्षें पाटीच जपली जाते, घर नव्हे. नांव यादींत रोज दिसत असतें, म्हणून सर्वांचा समज असा कीं वस्तु सुरक्षित आहे. ज्या दिवशीं ड्राइव्ह बिघडतो त्या दिवशीं कळतें कीं जपलें होतें तें केवळ नांव. म्हणून ज्यानें लिंक केली त्यानें नक्कल घेण्याची व्यवस्था त्याच दिवशीं पुन्हां तपासली पाहिजे.

या प्रश्नास आज विशेष महत्त्व आलें आहे, कारण जुनीं दप्तरें स्वतःच आतां डिस्कवर येत आहेत. लिस्बनच्या नोंदवहीच्या बुरुजानें आपल्या कित्येक जुन्या वह्यांच्या पानांचीं छायाचित्रें संगणकाद्वारें सर्वांस खुलीं केलीं आहेत. वसईंत बसलेल्या माणसास आपल्या गांवाचे जुने कागद पाहण्यासाठीं आतां समुद्र ओलांडण्याची गरज पूर्वींसारखी राहिली नाहीं. हा मोठाच लाभ आहे. परंतु कागद दोन-तीनशें वर्षें एका फडताळांत राहूं शकतो. डिस्क तशी राहात नाहीं. ती कांहीं वर्षांनीं बदलावीच लागते, आणि प्रत्येक बदलाबरोबर आंतील वस्तु हलते. जुन्या दप्तरांनीं दोन शतकांत जितके मुक्काम बदलले तितके हे नवे संग्रह एका पिढींतच बदलतील. मुक्काम जितके अधिक, तितकी निर्देशाची गरज अधिक. घराघरांतून सांठलेल्या छायाचित्रांची, जुन्या संगणकांच्या प्रतिमांची आणि कुटुंबाच्या कागदपत्रांचीहि स्थिति हीच आहे. तेथें दप्तराचा रक्षक कोणी नेमलेला नसतो, एवढाच फरक.

मानुएल द माइयानें वृद्धपणीं ढिगाऱ्यांतून कागद काढविले आणि बुरूज नसतांनाहि बुरुजाचें नांव चालूं राहिलें. पिसुर्लेकरांनीं गेलेल्या आणि राहिलेल्या वह्यांची वाट दाखविणारा ग्रंथ लिहिला. दोघांनींहि आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसाचा विचार केला. जुन्या फोल्डरच्या जागीं लिंक ठेवणारा विरारच्या कचेरींतील कारकूनहि, त्याच्या ध्यानांत येवो वा न येवो, त्याच परंपरेंतील आहे. त्यानें लिंकेबरोबर एका कागदावर दोन ओळी लिहून ठेवाव्या: काय हलविलें, कोठें आणि कोणत्या दिवशीं. मेणवलीच्या घंटेवर साल आहे, म्हणून घंटेचें मूळ कळतें. वसईच्या मनोऱ्यापाशीं अशा दोन ओळी कोणी लिहून ठेविल्या असत्या, तर त्याची घंटा कोणत्या गांवीं वाजते हेंहि आज सांगतां आलें असतें.